पेटीवर बसलेला हात सिंथेसायझरवर कसा वळवावा?

एका वाचकाचे पत्र:

नमस्कार ताई. माझे वय ५७. दापोली तालुक्यातील आमच्या गावच्या भजन मंडळात मी तीस वर्षे पेटी वाजवतो आहे. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड कपाटावर पडून राहिला. गेल्या पावसाळ्यात तो मी खाली काढला आणि मला त्याचा नादच लागला. पुढे २५ पट्ट्यांचा एक छोटा मिडी कीबोर्ड, म्हणजे संगणकातले आवाज वाजवणारा कीबोर्ड, घेतला, तो लॅपटॉपला जोडला, आणि मोफत मिळणारे आवाज शेकड्यांनी उतरवून घेतले. आज अकरा महिने झाले, पण एकही चाल पुरी मुद्रित झालेली नाही. पेटीवर जी चाल माणसांना डोलायला लावते, तीच इथे निर्जीव वाटते; एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तर येतच नाही. लॅपटॉपवर पट्टी दाबल्यावर सूर जरा उशिरा उमटतो. पुढच्या वर्षी निवृत्त होताना जे पैसे मिळतील, त्यांतून लाखभर रुपयांचा चांगला सिंथेसायझर घ्यावा काय? सौ. स्वतः मंगळागौरीची गाणी आणि ओव्या फार छान म्हणते. तिचे म्हणणे असे, की पेटी होती तेव्हा घरात गाणे होते, आता तुम्ही हेडफोन लावून बसता आणि आम्हाला नुसती पट्ट्यांची खटखट ऐकू येते.

उत्तर:

नमस्कार. तुमच्या पैशांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून नाहीत: लाखाचा सिंथेसायझर आत्ता घेऊ नका. तुमच्या घरात जी दोन यंत्रे आहेत, त्यांच्यात तुमची अडचण नाही. अडचण अशी आहे की तीस वर्षे ज्या डाव्या हाताने तुमच्या पेटीत जीव भरला, त्या हाताला या नव्या वाद्यावर तुम्ही कामच दिलेले नाही. हे मी अंदाजाने सांगत नाही. पेटीवरून कीबोर्डकडे आलेल्या अनेकांचे वादन मी जवळून ऐकले आहे, आणि जवळजवळ प्रत्येकाची तक्रार तुमच्याच शब्दांतली असते, की तेच सूर, तीच बोटे, तरीही चाल निर्जीव.

पेटी वाजवताना उजवा हात सूर निवडतो, पण तो सूर कसा उगवेल, मध्ये कुठे फुलेल आणि कुठे विरेल हे डावा हात भात्यावरून ठरवतो. अभंगाच्या ध्रुवपदात शेवटचा सूर लांबवताना तुम्ही भाता किंचित दाबून सोडता, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटते की वाद्याने श्वास घेतला. कीबोर्डाची पट्टी मात्र हाताचा वेग फक्त दाबण्याच्या क्षणी मोजते. त्यानंतर तुम्ही ती पट्टी कितीही प्रेमाने धरून ठेवली, तरी साध्या कीबोर्डाला तिच्यावरच्या बोटाचे काहीही कळत नाही, आणि सूर सपाट रेषेसारखा पुढे जात राहतो. बासरी, सनई, व्हायोलिन यांचे तयार आवाज निवडल्यावर ही उणीव अधिकच उघडी पडते, कारण त्या वाद्यांचा सारा जीव सूर सुरू झाल्यानंतरच्या हालचालीत असतो.

म्हणून माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला असा, की डाव्या हाताला त्याचा भाता परत द्या. तुमच्या छोट्या मिडी कीबोर्डाला डाव्या बाजूला बहुधा दोन चाके किंवा स्पर्शपट्ट्या असतील. त्यांतली एक सोडल्यावर आपोआप मध्यावर परत येते, ती सूर वर-खाली सरकवणारी पिचबेंड, आणि दुसरी जिथे ठेवाल तिथेच राहते, ती मॉड्युलेशन. ही दुसरी म्हणजे तुमचा भाता. चाके नसतील तर फिरवायचा कोणताही नॉब चालेल. मिडीमध्ये अशा प्रत्येक नियंत्रकाच्या शून्यापासून १२७ पर्यंत १२८ पायऱ्या असतात, आणि हाताने सावकाश फिरवताना त्या कानाला सहसा वेगवेगळ्या जाणवत नाहीत. हे चाक नुसत्या आवाजाच्या मोठेपणाला न जोडता फिल्टरला जोडा. फिल्टर म्हणजे सुरातील वरचे, झणझणीत अंश अडवणारी चाळणी. पेटीच्या जाळीवर जाड चादर टाकली की आवाज जसा मऊ आणि बसका होतो आणि चादर बाजूला सरकवली की जसा खुलतो, तोच परिणाम फिल्टर बंद-उघड करून मिळतो. भाता जोराने दिल्यावर पेटीचा सूर मोठा होतो तसा थोडा उजळही होतो, हे तुमच्या कानाला ठाऊक आहेच. ती सवय इथे थेट उपयोगी पडेल.

यासाठी उतरवून घेतलेले शेकडो आवाज बाजूला ठेवा आणि एक आवाज स्वतः तयार करा. सर्ज एक्सटी हा सॉफ्टवेअर सिंथेसायझर विनामूल्य मिळतो आणि तुमच्या कामाला पुरून उरेल. त्यात कोणतीही सजावट नसलेला, अगदी मूळ आवाज उघडा. करवतीच्या दात्यांसारखा आकार असलेल्या दोन लहरी घ्या, त्यांतली एक सप्तकभर खाली ठेवा, म्हणजे खर्ज-नर अशी दुहेरी सुरांची पेटी झाली. मग दोघींपैकी एक दोन-चार सेंटांनी हलवा, म्हणजे दोन सुरांच्या मिश्रणातून येणारी ती हलकी लहर मिळेल. सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग. सूर उगवायला तीस ते पन्नास मिलिसेकंदांचा वेळ द्या, कारण पेटीचा खर्जही दाबताक्षणी बोलत नाही, त्याला हवा धरायला क्षणभर लागतो. शेवटी फिल्टर बराचसा मिटवून चाकाला जोडा. हे करायला पहिल्यांदा एखादा तास लागेल आणि तयार झालेला आवाज फार देखणा नसेलही. पण त्यातला प्रत्येक गुण का आला हे तुम्हाला माहीत असेल, आणि तयार आवाजांच्या यादीतून निवडलेल्या कोणत्याही सुंदर आवाजाबद्दल तुम्हाला तसे म्हणता येणार नाही. पंधरा दिवस याच एका आवाजावर, उजव्या हाताने फक्त सा, रे, ग, प एवढेच सूर लांबवत, डाव्या हाताने चाक फिरवत बसा. वाद्य नवे आहे, पण रियाज तुमच्या ओळखीचाच आहे.

आता मींडेबद्दल. पेटीवर मींड येत नाही हा आक्षेप तुमच्या वाद्याने फार मोठ्या किमतीने सोसलेला आहे. स्वर ठरावीक अंतरावर जखडलेले आणि मींड नाही, या कारणांवरून आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. आणि तरीही गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी त्याच जखडलेल्या पट्ट्यांतून कणस्वर, खटके आणि भात्याची जाण यांच्या बळावर गाणे काढले. तुम्ही स्वतः तीस वर्षे भजनात तेच करत आला आहात. सिंथेसायझरवर मात्र खरी मींड मिळते, आणि तिचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे आवाज एकसुरी करणे, म्हणजे एका वेळी एकच सूर वाजेल असे मोनो आणि लेगाटो हे पर्याय निवडणे, आणि ग्लाइड, म्हणजे सूर घसरायला लागणारा वेळ, साठ ते एकशेवीस मिलिसेकंदांच्या दरम्यान ठेवणे. मग पहिली पट्टी न सोडता दुसरी दाबली की सूर घसरत जातो, आणि सोडून दाबली की सरळ उगवतो. कुठे घसरायचे आणि कुठे नाही हे बोटांच्या हाती राहते. याची एक मर्यादा अशी, की प्रत्येक घसरण सारख्याच गतीची होते आणि थोड्या वेळाने ती कृत्रिम वाटू लागते.

दुसरा मार्ग पिचबेंडचा, आणि मला तोच अधिक प्रिय आहे. बहुतेक वाद्यांत हे चाक वर आणि खाली दोन-दोन अर्धस्वरांपर्यंत, म्हणजे शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांपर्यंत, जाते. शुद्ध रिषभ आणि शुद्ध गंधार यांच्यात नेमके तेवढेच अंतर आहे. तेव्हा चाक आधी पूर्ण खाली ओढून धरा, मग गंधाराची पट्टी दाबा, म्हणजे रिषभ ऐकू येईल, आणि नंतर चाक सावकाश मध्यावर येऊ द्या. सूर रिषभावरून निघून गंधारावर येऊन थांबेल, आणि मध्यबिंदू ठरलेला असल्यामुळे शेवटी बेसूर होण्याचा धोका राहणार नाही. फक्त चाक स्प्रिंगच्या हवाली करू नका, अंगठ्याने धरून आणा. मींड सुरुवातीला रेंगाळते की शेवटी, यातच तिचा भाव असतो. पंचमावरून गंधारावर यायचे असेल तर अंतर तीन अर्धस्वरांचे होते आणि चाकाची मर्यादा वाढवावी लागते, पण मर्यादा जितकी मोठी तितकी हाताची लहानशी चूकही सुरात मोठी होऊन दिसते. म्हणून निदान दोन महिने मर्यादा दोनवरच असू द्या.

इथे एक गोष्ट थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते, कारण तुमच्या पत्रातल्या ‘निर्जीव’ या शब्दामागे तीही असावी अशी मला शंका आहे. कीबोर्डावरचे बारा स्वर अगदी समान अंतरावर, प्रत्येकी १०० सेंटांवर बसवलेले असतात. त्यामुळे षड्जापासून शुद्ध गंधार ४०० सेंटांवर येतो. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटांवर असतो. पंचमात हा फरक केवळ दोन सेंटांचा, म्हणजे नगण्य आहे, पण गंधारातले चौदा सेंट तयार कानाला टोचतात. पेटीवर हा दोष तुम्ही इतकी वर्षे चालवून घेतलात, कारण गाणाऱ्यांचे गळे, टाळ आणि पखवाज त्याला झाकून टाकत होते. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातील बावीस सूक्ष्म स्वरस्थानांची, पेटी केली ती याच अडचणीवरचा उपाय म्हणून. रात्री एकट्याने हेडफोनमध्ये, खाली अखंड तंबोरा लावून तुम्ही तोच गंधार लांबवता, तेव्हा झाकायला काहीही उरत नाही. सिंथेसायझरवर याचा इलाज सोपा आहे: अनेक कीबोर्डांत स्केल ट्युनिंग नावाची सोय असते आणि सर्ज एक्सटीमध्येही स्वरस्थाने बदलता येतात. भजनात तुमचा षड्ज काळी एकवर, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर, असेल तर गंधार पांढरी चारवर येतो. ती एकच पट्टी चौदा सेंट खाली घ्या, तंबोरा लावा आणि ऐका. बाकीच्या स्वरांना लगेच हात लावू नका. षड्ज बदलला की हे सारे नव्याने लावावे लागते, एवढे मात्र लक्षात असू द्या.

सूर उशिरा उमटण्याचे कारण त्या मानाने सरळ आहे. तुमचे हेडफोन बिनतारी असतील तर ते आजच बाजूला ठेवा, कारण ब्लूटूथमुळे होणारा विलंब बहुधा शंभर मिलिसेकंदांच्या पुढे असतो आणि तेवढ्या विलंबात कोणालाही लयीत वाजवता येत नाही. तारेचे हेडफोन लावूनही विलंब राहिला तर विंडोजच्या लॅपटॉपवर एएसआयओ प्रकारचा, म्हणजे ध्वनी कमी विलंबाने पोचवणारा, ड्रायव्हर बसवा आणि ध्वनीच्या मांडणीत बफर नावाचा आकडा, म्हणजे ध्वनीचे किती नमुने साठवून मग पुढे पाठवायचे तो आकडा, कमी करा. सेकंदाला ४८,००० नमुने या गतीला १०२४ चा बफर एकवीस मिलिसेकंद खातो, तर १२८ चा बफर तीनपेक्षाही कमी. यंत्रणेतील इतर विलंब त्याहून वेगळा. हा आकडा शून्यावर आणण्यासाठी मात्र धडपडू नका. हवेत ध्वनीला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे मंडळात तुमच्यापासून दोन-तीन मीटरवर बसलेल्या पखवाजाची थाप तुम्ही आजवर सहा ते नऊ मिलिसेकंद उशिराच ऐकत आला आहात आणि तुमची लय कधी ढळली नाही.

अकरा महिन्यांत चाल पुरी न होण्याबद्दल तुम्ही स्वतःला फार दोष दिलेला दिसतो. तसे करू नका, पण कारण मात्र नीट पाहा. पेटीवर बसलात की वाजवण्याखेरीज दुसरे काही करण्यासारखे नसते. लॅपटॉपसमोर बसलात की आवाज निवडणे हेच एक काम होऊन बसते आणि संध्याकाळ त्यातच संपते. मुंबईचे चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारे कलावंत. त्यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेऊन दहा राग ध्वनिमुद्रित केले: सुरावटीसाठी ज्युपिटर-८, तालासाठी टीआर-८०८ आणि खर्जातल्या चालीसाठी टीबी-३०३. हे शेवटचे यंत्र खर्जाची साथ पुरवण्यासाठी बनवलेले होते. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, आणि रागाच्या चलनाला ती कशी शोभते हे त्यांच्या कानाने हेरले. ती तबकडी त्या वेळी फारशी कोणी ऐकली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जाणकारांनी तिची दखल घेतली. मला त्या कामात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की यंत्रे मोजकी होती आणि राग आधीपासून हातात मुरलेले होते. तुमच्याकडेही तीस वर्षांच्या चाली मुरलेल्या आहेत. तेव्हा पुढचे तीन महिने एक नियम पाळा: एका चालीत चारांहून अधिक आवाज नाहीत, लांबी दोन मिनिटांहून अधिक नाही, आणि बसायच्या दिवशी पहिला तास नवा आवाज शोधायचा नाही. चाल जशी होईल तशी संपवा, तारीख घालून जपून ठेवा आणि दुसरी सुरू करा. पहिल्या तीन-चार चाली कच्च्या असतील. त्या पुन्हा ऐकून दुरुस्त करत बसू नका.

तालाबाबत माझे मत थोडे कडक आहे. कीबोर्डातील तयार ठेके भजनासाठी वापरू नका. आठ मात्रांचा भजनी ठेका यंत्राच्या काट्यावर बसवला की त्यातला झोल, म्हणजे लयीचा हलका हेलकावा, निघून जातो. शिवाय आपल्या भजनात लय चढत जाते, तर यंत्राचा तयार ठेका पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच गतीने चालतो. मंडळातील पखवाजवाल्या मित्राला घरी बोलवा, फोनवर दोन मिनिटांचा ठेका मुद्रित करून घ्या आणि तो लॅपटॉपवर घालून त्यावर तुम्ही वाजवा. ते शक्य नसेल तर मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये गती हळूहळू वाढवण्याची सोय असते, तिचा उपयोग करून मिनिटाला ८० मात्रांवरून ९६ पर्यंत लय चढवून पाहा. वाजवून झाल्यावर सारे सूर मात्रेवर नेमके ओढून बसवणारे क्वांटाइझ नावाचे बटण मात्र दाबू नका; तुमच्या हातातली जी गोष्ट यंत्राकडे नाही, नेमकी तीच ते पुसून टाकते.

हे सारे सहा महिने नेमाने झाले आणि तरीही एखाद्या ठिकाणी वाद्य अपुरे पडते असे तुम्हाला नेमके बोट ठेवून सांगता आले, तर खर्चाचा विचार जरूर करा. तेव्हाही मी आधी सुचवेन ते पायाने आवाज सांभाळणारे एक्स्प्रेशन पेडल, दोन मायक्रोफोन किंवा वाद्ये जोडता येतील असा साधा ऑडिओ इंटरफेस आणि ध्वनी स्वच्छ ऐकवणारे दोन लहान स्पीकर. कोकणातल्या दमट हवेत वाद्य उघडे ठेवू नका. वापरून झाल्यावर सुती कापड घाला आणि ते ठेवायच्या खोक्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. दुसऱ्या कंपनीचा अडॅप्टर कधीही लावू नका, कारण पिन सारखी दिसली तरी तिच्यातील धन आणि ऋण टोके उलट असू शकतात आणि त्यात वाद्य जळते.

राहिला वहिनींचा मुद्दा, आणि तो मला तुमच्या सगळ्या प्रश्नांहून मोठा वाटतो. पेटी वाजत असताना स्वयंपाकघरातही ती ऐकू येत असे, येता-जाता त्या एखादी ओळ गुणगुणत असतील, चुकले तर सांगत असतील. हेडफोनने तुमचा तो पहिला श्रोता तुमच्यापासून तोडला. विलंब, फिल्टर, स्वरस्थाने यांच्या जुळवाजुळवीसाठी हेडफोन ठीक आहेत. पण रोज निदान अर्धा तास मुलाच्या कीबोर्डाच्या स्वतःच्या स्पीकरवर, घराला ऐकू जाईल असे वाजवा.

आणि पुरी करायची पहिली चाल भजनाची घेऊ नका, वहिनींच्या ओवीची घ्या. त्यांना साथीशिवाय, त्यांच्या सोयीच्या पट्टीत गाऊ द्या. आधी सूर देऊ नका. पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवून मुद्रण करा. नंतर त्यांचा षड्ज कुठे लागला ते पट्ट्यांवर शोधा, तुम्ही बनवलेल्या खर्ज-नर आवाजात खाली फक्त षड्ज आणि पंचम धरा, चाकाने त्यांच्या श्वासाबरोबर तो आवाज उघडा-मिटा, आणि दोन ओव्यांच्या मधल्या जागेत तुमची ती रिषभावरून गंधारावर जाणारी मींड एकदाच ठेवा. षड्ज काळी चारवर असेल तर गंधार पांढरी एकवर येईल. तिथले चौदा सेंट उतरवायला विसरू नका.